खोक्यातली वायर

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, दुपार

प्रिय गुरू,

पत्र बघून दचकू नकोस. अप्पा ठीक आहेत. म्हणजे जेवताहेत, हिंडताहेत, माझ्यावर ओरडताहेत. हे आधी लिहून टाकते, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात काय काय येईल ते मला इथं बसून कळतंय. तू म्हणशील, हातात फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं. तेही सांगते, पण शेवटी. फोनवर तू मध्ये एक शब्द बोललास तरी माझं सगळं राहून जाईल आणि या वेळी राहून चालणार नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले. एकदा नळाला पाणी आलं, चौथ्या दिवशी आलं आणि तेही अर्धा तास. एकदा शेजारची फुलाबाई ब्लाउजचं माप घेऊन आली आणि बसूनच राहिली. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, मीच उठून उगाच शिलाई मशीनला तेल घालत बसले.

बातमी अशी, की अप्पांच्या उजव्या डोळ्याचं या शुक्रवारी ऑपरेशन आहे. डाव्या डोळ्यानं त्यांना गेल्या वर्षापासून फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं, हे मी तुला दिवाळीच्या फोनवर सांगितलं नव्हतं. साखरेनं डोळ्यांची वाट लावली. डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या आहेत, खोटी आशा लावत नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशन करू, पण नजर किती राहील याचा शब्द मी देत नाही. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. घरी येताना रिक्षात अप्पा एकच वाक्य बोलले, 'मंजे माज्याकडं तीन आठवडं हायत की.' मला वाटलं घाबरले असतील. पण ते हिशेब करत होते, चादर पुरी होईल का याचा.

ही चादर, म्हणजे तिची नक्षी, त्यांची स्वतःची आहे. ईरप्पाशेठच्या चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायच्या कामावर चाळीस वर्षं त्यांनी शेठ सांगतील ते मोर आणि सांगतील ती कमळं काढली. ग्राफच्या कागदावरची एक चौकट म्हणजे एक धागा, रंग भरला की धागा वर, मोकळी ठेवली की खाली, हे तू माझ्याआधी शिकलास. अव्वा गेली, आपण दोघं बिनआईचे झालो, तेव्हा तिचं ते हिरवं इरकल लुगडं मी कुणाला तरी द्यायला काढलं होतं. अप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, हे मी चादरीत उतरवणार. तीन वर्षं तेच चाललंय. मधला सगळा भाग झाला, तीन कोपरे झाले, चौथा राहिलाय. एक कोपरा उलटा करून तिकडं चिकटवता येतो, एका बटणाचं काम आहे, असं मी त्यांना सांगून बघितलं. तर म्हणतात, 'लुगडं काय आरशात इनतेत का?' आणि एकेक चौकट हातानं भरतात.

बटण म्हटलं म्हणून तू थांबला असशील. होय, तुझ्याच कॉम्प्युटरवर. तू लावून दिलास त्याच कॉम्प्युटरवर अप्पा चादर काढतात. ज्याला हात लावणार नाही म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, त्याच्यापुढं रोज आंघोळ करून, विभूती लावून बसतात. पहिली पाच वर्षं खरंच हात लावला नाही. मग नजर कमी झाली. कागदावरची चौकट मोठी करता येत नाही, स्क्रीनवरची येते. एवढं एक त्यांना कळलं आणि त्यांनी मला हळूच विचारलं की हे सुरू कसं करतात.

त्या दिवसाचं मी कधी तुझ्याशी बोलले नाही. आठ वर्षं झाली. अप्पांनी पंधरा दिवस खपून भरलेला ग्राफ तू एका दुपारी कॉम्प्युटरवर काढून दाखवलास, आणि तोही ईरप्पाशेठच्या केबिनमध्ये, अप्पा दारात उभे असताना. तुला वाटलं शेठ खूश होतील आणि अप्पांना त्याचा अभिमान वाटेल. अप्पा घरी आले, सगळे ब्रश धुतले, डब्यात घातले आणि तुला म्हणाले, 'माजा हातच काढून घेतलास, पोरा.' त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू चारच दिवसांत बंगळूरची नोकरी पकडलीस. जायच्या आदल्या दिवशी दिवसभर बाहेरच्या खोलीत तू काहीतरी स्क्रू फिरवत बसला होतास, अप्पांसाठी कॉम्प्युटर जोडत होतास. मी आत अव्वाचे लुळे पाय चोळत होते. चहा देऊन गेले तेव्हाही तुझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर दर दिवाळीला, दर उगादीला तू फोनवर मला एकच विचारायचास, 'अक्का, अप्पा काही म्हणाले का?' मी म्हणायची, नाही. मग तू बंगळूरच्या पावसाचं काहीतरी सांगायचास. अव्वाच्या मातीला आलास तेव्हा तू अंगणात आणि अप्पा उंबऱ्याच्या आत, मध्ये आठ पावलं अंतर. मी दोघांच्या तोंडाकडं बघत होते. अप्पा तुझ्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होते. आणि तू त्यांच्या. संध्याकाळच्या गाडीनं तू गेलास.

पंखा बंद पडला, वीज गेली. घामानं कागद ओला होतोय. लिहिते तशीच.

तर ऑपरेशनची तारीख मिळाली आणि चौथ्याच दिवशी आपला तो जुना चौकोनी मॉनिटर गेला. धूर नाही, आवाज नाही, काळाच. अप्पा त्याच्यापुढं अर्धा तास बसून होते, मला हाकही मारली नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा घेऊन आले, चांगला मोठा, दिवाणाच्या उशीएवढा रुंद. आता अडचण अशी की जुन्याला ती निळ्या तोंडाची वायर लागायची, पंधरा टाचण्यांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. नव्याला तसलं भोकच नाही. त्याला दोन चपटी भोकं. खोक्यात त्याच्याबरोबर एक काळी, चपट्या तोंडाची वायर आली होती. मी ती हातात घेतली, बघितली आणि परत खोक्यात ठेवली. अप्पांना सांगितलं, ही आपल्या कॉम्प्युटरला बसत नाही, दुसरी आणावी लागेल.

दुकान सलमानचं, आपल्या गल्लीच्या तोंडाशी. पूर्वी तिथं त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यानं विचारलं, कॉम्प्युटरला मागं कसली कसली भोकं हायत? मी म्हटलं, एकच, निळं. त्यानं एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला चपटं तोंड असलेली वायर दिली, पण देतानाच म्हणाला, ही चालंल असं वाटत न्हाई, अक्का, मागचा फोटो काढून आणा की. लावली. स्क्रीनवर सिग्नल नाही एवढी अक्षरं आली आणि गेली. अप्पा मागं उभे होते. 'आलं का?' नाही आलं. दुसऱ्या दिवशी मीच घाईनं एक छोटी डबी उचलून आणली, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, त्याला विचारलंही नाही. तीही चालेना. मग तो म्हणाला की ह्या डबीचं तोंड उलटं आहे, ही चपट्याचं निळं करते, तुम्हाला निळ्याचं चपटं करणारी पाहिजे. आणि परत तेच, फोटो आणा. मी फोटो नेला. तो बघून सलमान हसत सुटला. 'अक्का, ह्याला तर तुमी कपडे घातल्यात!'

घातलेच आहेत. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी वस्तू आली की आधी विभूती, मग कव्हर. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, गॅसच्या शेगडीला शिवता आलं असतं तर अव्वानं तिलाही शिवलं असतं. कारखान्यातून आलेले चादरींचे तुकडे घरात पडलेलेच असायचे. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या कॉम्प्युटरलाही कव्हर बसलं. बाजूला वाऱ्यासाठी जाळीचं कापड, आणि मागं ज्या वायरी लागलेल्या होत्या तेवढ्यांसाठी काज. विजेची, माऊसची, कीबोर्डची आणि निळी. बाकी सगळं गच्च शिवून टाकलेलं. सलमान म्हणाला, ह्याच्या खाली आणखी भोकं असणार, उसवून बघा, दोन मिनिटांचं काम हाय. मी म्हटलं, बघते. आणि आले ती त्याच्याकडून दुसरी डबी घेऊन, बरोबर तोंडाची.

गुरू, त्या डबीनं चित्र आलं. अप्पा लहान मुलासारखे खुर्ची ओढून बसले. पण चित्र पसरट होतं. टीव्ही बघणाऱ्याला चाललं असतं, चौकट भरणाऱ्याला नाही. लाल चौकटीचा रंग शेजारच्या मोकळ्या चौकटीत उतरलेला दिसायचा, रेघा दुहेरी व्हायच्या. माझ्या चांगल्या डोळ्यांनासुद्धा त्रास व्हायचा. अप्पा नाक स्क्रीनला टेकवून बसायचे, उठायचे, खोलीत येरझाऱ्या घालायचे, परत बसायचे. रोज मला विचारायचे, दुसरी वायर मिळाली का. तारखेला दहा दिवस उरले, मग नऊ. बुधवारी ते म्हणाले, 'ज्यानं जोडलं त्यालाच इचार की.' आठ वर्षांत पहिल्यांदा. नाव घेतलं नाही, पण तुझ्याबद्दलच बोलले. आणि मी काय केलं? मी मोबाईल कानाला लावून पाच मिनिटं अंगणात उभी राहिले आणि आत येऊन सांगितलं, त्याचा फोन लागत नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांच्यामागून स्क्रीनकडं बघत होते. काठातली रुईफुलांची ओळ ते भरत होते. एक चौकट त्यांनी चुकीची भरली. मोकळी राहायला हवी होती तिथं लाल. आणि त्यांना दिसलं नाही. पुढच्या चौकटीकडं गेले. चाळीस वर्षांत ज्या माणसानं एक धागा चुकवला नाही, त्याच्या हातून अव्वासाठीच्या चादरीत धागा चुकला आणि त्याला कळलंसुद्धा नाही, आणि हे मी केलं होतं. मी कॉम्प्युटर बंद करायला लावला. मशीनच्या खणातून ब्लेड काढलं, खाली बसले आणि कव्हरचे टाके उसवायला लागले.

निळ्या भोकाच्या शेजारी, बोटभर अंतरावर, चपटं भोक होतं. खोक्यात आलेली ती पहिली काळी वायर मी त्यात घातली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चित्र इतकं स्वच्छ आलं की अप्पांनी बसल्या बसल्या एक ओळ मोठ्यानं मोजली, मधेच थांबले आणि म्हणाले, 'ही चौकट कुनी भरली, गाढवानं?' आणि मोकळी केली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या चपट्या भोकाच्या वर तू चिकटवलेला कागद अजून आहे. त्यावर चिकटपट्टी मारली होतीस म्हणून अक्षर जसंच्या तसं राहिलंय. 'अप्पा, मोठी स्क्रीन घेतली तर वायर इथं लावा. इथं चौकटी तुमच्या ग्राफसारख्या स्वच्छ दिसतील. शेठसमोर दाखवलं ते माझं चुकलं. मला समोर येऊन म्हणता येत नाही. तुम्ही एक फोन करा, मी असेन तिथून येतो. नाही केलात तर समजेन की तोंड दाखवायचं नाही.' हे मला बघून लिहावं लागलं नाही. पाठ आहे. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाचलं होतं. वाचलं, आणि दुपारी माप घेऊन कव्हर शिवायला बसले.

अव्वानं नाही शिवलं ते. मी शिवलं. निळ्या वायरीला काज पाडलं आणि शेजारी बोटभर अंतरावर कापड दुहेरी घेतलं. का, ते तुला आठवत असेल तर आठव. इचलकरंजीच्या कपड्यांच्या युनिटमध्ये माझं नोकरीचं ठरलं होतं, एक तारखेपासून जायचं होतं, राहायची खोली बघून ठेवली होती. लुळ्या आईला आणि न बोलणाऱ्या बापाला सोडून आपल्या दोघांपैकी एकालाच जाता आलं असतं. तू आधी निघालास. मला विचारलं नाहीस. आणि वर अप्पांसाठी गोड चिठ्ठी ठेवून गेलास, माझ्यासाठी एक अक्षर नाही. मला राग आला होता, गुरू. वाटलं, राहू दे त्यालाही थोडे दिवस वाट बघत. आठ दिवसांत उसवीन असं ठरवलं होतं. मग महिना झाला. मग वाटलं, आता उसवलं तर कुणी शिवलं ते विचारतील. दर दिवाळीला तू विचारायचास आणि मी नाही म्हणायची. खोटं नव्हतं ते, अप्पा खरंच काही म्हणाले नव्हते. त्यांना म्हणायला मिळालंच नव्हतं. अव्वाच्या मातीच्या दिवशीसुद्धा मी तुमच्या दोघांच्या मध्ये पाण्याची घागर घेऊन उभी होते आणि बोलले नाही. याची माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

शनिवारी ती चिठ्ठी मी अप्पांना वाचून दाखवली. दोनदा. ते स्क्रीनकडंच बघत होते. मग विचारलं, हे कव्हर कुणी शिवलेलं? मी म्हटलं, अव्वानं. मेलेल्या आईचं नाव घेतलं, बघ माझी हिंमत. अप्पांनी वाकून जमिनीवरचं कव्हर उचललं, मांडीवर घेतलं आणि काजाच्या कडेवरून बोट फिरवलं, इरकलाचा काठ चाचपला होता तसंच. बराच वेळ. मग अव्वाचं नाव घेऊन म्हणाले, 'मल्लव्वाचा टाका मोटा असायचा. ह्यो तुजा हाय.' त्यानंतर दिवसभर ते काम करत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काल सकाळी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, की फोन मीच करणार हाय, पन आधी तू त्याला पत्र लिही, सगळं लिही, काही ठेवू नको. मी विचारलं, पत्र कशाला, आत्ताच लावून देते. तर म्हणाले, 'त्याला आधी कळू दे, की आठ वरसं मला कळलंच न्हवतं. न्हाईतर आंधळा व्हायला लागला म्हनून बोलावतोय म्हनंल.' म्हणून हे पत्र. आजच स्पीडपोस्टनं टाकते, बुधवारपर्यंत पोचेल. चौथा कोपरा गुरुवारी दुपारपर्यंत पुरा होतोय आणि तो झाला की ते तुला फोन करणार आहेत. त्यांच्याकडं मोबाईल नाही हे तुला माहीत आहे, फोन माझ्या नंबरवरून येईल. हे सगळं वाचून तुला माझं नावसुद्धा बघवणार नाही, ते मला मान्य आहे, माझ्याशी वर्षभर बोलू नकोस. पण गुरुवारी स्क्रीनवर अक्का असं आलं तर कट करू नकोस, गुरू. फोन अप्पांच्या हातात असेल.

तुझीच,
अक्का